गांगुर्डेबाई आणि मशीनवरचा पहारा

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी सहा वर्षं काढली त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायला घेतलं तरी तोंडात कडू पाणी येतं. पण तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या लताबाई गांगुर्डे यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्या खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो. म्हणजे ते माझ्यावरच आलं.

लताबाई मूळच्या देवळ्याकडच्या. वडील कांद्याच्या चाळीत मजुरी करायचे, मग नाशिकरोडला आले आणि बौद्धांच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिले. लताबाई मॅट्रिक झाल्या, टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या आणि १९७४ साली कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या. पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या माणसानं त्यांच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप ठेवला. त्यांनी तो उचलला, थेट तेव्हाच्या मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, उद्यापासून सगळ्यांना असले कप आणा, नाहीतर मला सगळ्यांसारखा द्या." कप बदलला. पण त्या कँटीनचा चहा त्यांनी पुन्हा कधी प्यायला नाही. मी १९८३ साली लागले तेव्हा त्या घरून थर्मास आणायच्या आणि मला अर्धा द्यायच्या.

१९८६ मध्ये आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खास खोली बांधली, एसी बसवला, दाराबाहेर चपला काढायच्या असा नियम केला. शिकायला पुण्याला कुणाला पाठवायचं यावर पुरुष कारकुनांत बरीच कुजबुज झाली, पण सहा आठवडे घर सोडून जायला एकही तयार होईना. लताबाई गेल्या. त्यांचे यजमान महापालिकेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी घर आणि दोन मुलं सांभाळली. परत आल्या तेव्हा काळ्या पडद्यावरच्या त्या हिरव्या अक्षरांशी त्यांची अशी गट्टी जमली होती की आम्ही बघत राहायचो. तेव्हा माऊस वगैरे काही नव्हतं. एक ठिपका लुकलुकायचा, त्याच्यापुढे हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं तर मशीन म्हणायचं, बॅड कमांड. लताबाई हसून म्हणायच्या, "साहेबांपेक्षा बरं आहे. काय चुकलं ते तोंडावर सांगतं." मला त्यांनीच शिकवलं. आणि पर्सोनेल मॅनेजर देवकुळे साहेबांनाही फाइल कशी उघडायची, बदलायची, ठेवायची, ते त्यांनीच शिकवलं. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

आमचा कारखाना ओतकामाचा. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांवर वाळू चिकटलेली असते. ती घासून, ठोकून काढायच्या खात्याला फेटलिंग म्हणत. तिथे दिवसा दिवे लावले तरी माणूस धुळीत भुतासारखा दिसायचा. त्या लोकांच्या छातीचे वर्षातून एकदा फोटो काढत, आणि कंपनीचा डॉक्टर प्रत्येकाच्या कार्डावर शेरा लिहायचा. १९८७ च्या पावसाळ्यात ही सगळी कार्डं मशीनमध्ये भरायचं काम आम्हा दोघींकडे आलं. ऑगस्टमध्ये ते संपलं. लताबाईंनी सगळी यादी छापून काढली, एकेक ओळ कार्डाशी ताडून पाहिली आणि पानापानावर डॉक्टरची सही घेतली. एवढ्या काटेकोरपणाची तेव्हा कुणालाच गरज वाटली नव्हती. मला तर कंटाळाच आला होता.

त्या शेऱ्यांमध्ये काय होतं, हे आम्हाला दिसत होतं. बऱ्याच जणांपुढे लिहिलं होतं: दोन्ही फुफ्फुसांत डाग, धुळीच्या कामातून हलवावे, पुन्हा तपासणी. हलवलेलं मात्र एकालाही नव्हतं.

ऑक्टोबरात एके दुपारी फेटलिंगमधला मंगळू आमच्या खिडकीशी आला. हरसूलकडचा माणूस. भात काढून झाला की घरचे मजुरीला बाहेर पडायचे, हा मात्र नऊ वर्षं कारखान्यात टिकून होता. चाळिशीचा असेल, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पुढे आलेले.

"बाई, माझ्या छातीचा कागुद तुमच्याकडं हाय ना?"

"आहे. का हो?"

"काय लिवलंय त्याच्यात? साहेब म्हनतो, डाक्टरनी समदं ठीक लिवलंय. मंग डोंगर चढताना दम का लागतो? पोराच्या मागं धावाया जातो तं जागीच बसतो."

मी लताबाईंकडे पाहिलं. त्यांनी फाइल उघडली, त्याचं नाव शोधलं आणि शेरा वाचला. आधी इंग्रजीत, मग मराठीत समजावून. मंगळूनं ऐकून घेतलं, "मंग माना सांगलं का नाय कोनी?" एवढंच विचारलं आणि गेला. लताबाईंना त्यात चोरीमारी काही वाटली नाही. त्याची छाती, त्याचा कागद.

आठवड्याभरात ही गोष्ट युनियनच्या सेक्रेटरीपर्यंत, कोंडाजीपर्यंत पोचली. त्यानं मीटिंगमध्ये देवकुळे साहेबांपुढे मंगळूचा शेरा जसाच्या तसा म्हणून दाखवला. साहेब लाल झाले. कागद बाहेर गेला कसा, एवढाच त्यांचा प्रश्न. माणसाच्या फुफ्फुसांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लताबाईंना केबिनमध्ये बोलावलं. तिथे काय झालं ते लताबाईंनी मला नंतर सांगितलं. टेबलावर एक फ्लॉपी होती. साहेबांनी ती ओळखीच्या कुणाकडून तरी मागवली होती.

"गांगुर्डेबाई, तुम्ही विश्वासातल्या. हा एक प्रोग्राम आहे. मशीनवर कुठली फाइल कधी उघडली, कधी बदलली, कधी पुसली, सगळं लिहून ठेवतो. गुपचूप बसवून टाका. दर शनिवारी मला छापून द्या. तुमच्या त्या सिंधूवर मला संशय आहे." सिंधू म्हणजे मी.

लताबाई म्हणाल्या, "मला त्या वेळी सांगता आलं असतं गं. मीच वाचून दाखवलं, असं. पण तेरा वर्षांची नोकरी डोळ्यांसमोर आली. मी फ्लॉपी उचलली आणि जी साहेब म्हटलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती."

मी जेवायला गेलेली असताना त्यांनी तो बसवला. फ्लॉपी खाचेत सरकवली, इन्स्टॉलचा हुकूम टाइप केला, पुढे सी-ड्राइव्हचं नाव दिलं. मशीननं विचारलं, वाय की एन. त्यांनी वाय दाबलं. मशीन चालू होताना जी छोटी फाइल आपोआप वाचली जाते तिच्यात एक ओळ वाढली, आणि तेव्हापासून वीज आली की तो पहारेकरी कुणाच्या नकळत आत जाऊन बसायला लागला. फायलींची यादी मागितली तर त्याचं नाव त्यात दिसायचं नाही. फक्त सकाळी मशीन सुरू व्हायला दोन क्षण जास्त लागायचे. मी एकदा म्हटलंही, "बाई, हे म्हातारं झालं का?" त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीत डबा खाणं सोडलं. एसीच्या वाऱ्यानं अन्न गार होतं, असं कारण सांगितलं.

आता त्या प्रोग्रामला माणसं ओळखता येत नव्हती. त्याला फक्त फाइल आणि वेळ कळायची. पण खोलीच्या दाराशी रजिस्टर होतं, मशीनवर बसताना आम्ही नाव आणि वेळ लिहायचो. दोन्ही शेजारी ठेवले की कुणी काय केलं ते उघड व्हायचं.

पहिल्या शनिवारच्या कागदांत गुन्हा म्हणावा असं काहीच नव्हतं. होता तो माझा एक मूर्खपणा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, घरी स्थळं बघणं चाललं होतं, आणि दुपारच्या सुट्टीत मी माझाच बायोडेटा मशीनवर टाइप करून ठेवला होता. साहेबांनी कागदावर फाइलचं नाव पाहिलं आणि ती उघडायला लावली. सोमवारी ते आमच्या खोलीत आले, दोन ऑफिसर बरोबर घेऊन. दारात उभे राहून म्हणाले, "काय सिंधूबाई, उंची पाच फूट एक, वर्ण निमगोरा? निमगोरा म्हणजे नेमका किती हो?" आणि तिघे हसले. जाता जाता एक जण म्हणाला, "स्वयंपाकाची आवड लिहिलंय. डबा चाखायला बोलवा एकदा."

मला वाटलं जमीन फाटावी. अंगावर पाल पडावी तसं झालं. आणि हे यांना कळलं कसं, तेच उमजेना. मी लताबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या उठून बाहेर नळावर गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

पुढच्या शनिवारी कागद छापताना त्यांनी ते पहिल्यांदा नीट वाचले. आणि त्यांना वेगळंच दिसलं. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच चाळीस ते सहा वीस या वेळात छातीच्या तपासणीची फाइल उघडली गेली होती. नुसती उघडली नव्हती, तिच्यात बदल केले होते. आम्ही दोघी साडेपाचची बस धरायचो. रजिस्टरमध्ये त्या वेळेपुढे कुणाचंच नाव नव्हतं. खोलीची किल्ली एक आमच्याकडे असायची, ती आम्ही गेटवर ठेवून जायचो. दुसरी साहेबांकडे.

लताबाईंनी ड्रॉवरमधून ऑगस्टमधली यादी काढली, डॉक्टरच्या सह्या असलेली. मशीनमधली फाइल नव्यानं छापली. दोन्ही समोर ठेवून बोट फिरवत गेल्या. अकरा ओळी बदललेल्या होत्या. डाग गेले होते, पुन्हा तपासणी गेली होती, अकराही जणांपुढे एकच शब्द होता: नॉर्मल. मंगळूही नॉर्मल झाला होता.

"एका पायरीवर त्याला दम लागतो," त्या मला नंतर म्हणाल्या, "आणि या माणसानं खुर्चीत बसून चार बोटांनी त्याला बरा केला. मी शिकवलेल्या बोटांनी."

त्यांनी ते सगळे कागद, एकही पान न गाळता, साहेबांना नेऊन दिले. त्यांना वाटलं होतं, आता तरी हा माणूस चपापेल. साहेबांनी चष्मा लावला, पानं चाळली, आणि त्या दोन तारखांवर थांबले.

"हे माझंही लिहितो का?"

"तो सगळ्यांचं लिहितो साहेब."

"मग ही दोन पानं काढून टाका. आणि साडेपाचनंतर तो बंद राहील अशी व्यवस्था करा. बरं, हे बघा, सिंधूनं ऑक्टोबरात मेडिकलची फाइल सात वेळा उघडली, असं हे कागद आणि रजिस्टर ताडून दिसतं. नव्या माणसांची नावं भरायला उघडली म्हणेल, पण मला तेवढं पुरे. सोमवारी तिला पत्र देतो."

ना राग, ना लाज. लताबाई सांगायच्या, त्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता आणि तो त्याच आवाजात बोलत होता ज्या आवाजात माणूस पंखा कमी करायला सांगतो.

"सिंधूनं नाही," त्या म्हणाल्या. "मंगळूला मी वाचून दाखवलं. खिडकीतून. दिवसाढवळ्या."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"हो. मी. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ती माझी चूक. सिंधूला पत्र दिलंत तर मी हे कागद घेऊन डॉक्टरांकडे जाईन. सह्या त्यांच्या आहेत. त्यांच्या सहीखालचे शेरे कुणी बदलले ते त्यांना विचारू द्या."

"गांगुर्डेबाई, तुम्हाला या खुर्चीवर कुणी बसवलं ते विसरू नका. तुमच्यातली एक बाई कॉम्प्युटरवर बसली म्हणून मी वरच्यांची किती बोलणी खाल्ली आहेत."

लताबाईंनी टेबलावरचे कागद गोळा केले. उठल्या आणि आमच्या खोलीत आल्या. मी तिथेच होते. त्यांनी मला सगळं, पहिल्यापासून, एका दमात सांगितलं. फ्लॉपी, शनिवारचे कागद, माझा बायोडेटा कसा बाहेर गेला ते. "मी बसवला होता सिंधू. माझ्या हातानं."

मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवलं की वाईट वाटतं. चार वर्षं ज्या बाईच्या थर्मासमधला चहा प्यायला ती माझ्यावर नजर ठेवत होती, या विचारानं मला त्यांचीही किळस आली. मी ते तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोललीस ते बरोबर आहे. आता इकडे ये आणि बघ. काढायचा कसा ते तुलाही आलं पाहिजे."

त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. काढण्याचा क्रम महत्त्वाचा होता. त्या पहारेकऱ्याच्या फायली आधी पुसल्या तर मशीन त्यांना शोधत राहायचं आणि तिथेच गोठायचं. त्यांनी हे अगोदर एकदा करून पाहिलं होतं आणि अर्धा दिवस वाया गेला होता. म्हणून पहिल्यांदा सुरुवातीच्या फाइलमधली ती वाढलेली ओळ काढली. मग मशीन बंद केलं, दहापर्यंत मोजलं, पुन्हा चालू केलं. या वेळी ते पटकन उठलं. मग फ्लॉपीवरच्याच एका हुकमानं लपवलेली जागा उघडी केली आणि डिलीट लिहिलं. मशीननं विचारलं, खात्री आहे का. लताबाई म्हणाल्या, "दाब तू." मी वाय दाबलं. शेवटी यादी मागवून पाहिली. तिथे आता काही नव्हतं. त्याच्या नोंदींचे छापील कागद मात्र त्यांनी पिशवीत घातले होते.

मग त्यांनी अकरा चिठ्ठ्या टाइप केल्या. ऑगस्टच्या यादीतली ज्याची त्याची एक ओळ, खाली मराठीत अर्थ. साडेतीनला पाळी सुटली तेव्हा आम्ही दोघी गेटवर उभ्या राहिलो आणि ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वाचता येत नव्हतं त्यांना बाजूला घेऊन वाचून दाखवली. एक जण हसला. त्याला वाटलं, आम्ही कसली तरी वर्गणी मागतोय.

मला वाटलं होतं, आता आग लागेल. कसलं काय! कोंडाजी त्या चिठ्ठ्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला, दोन तास बसला, आणि बाहेर आला तेव्हा कँटीनला नवा ठेकेदार आणि कोंडाजीच्या पुतण्याला कायम नोकरी, असं ठरलं होतं. छातीच्या फोटोंचं पुढच्या मीटिंगला पाहू, म्हणाला. लताबाईंनी त्याला गाठलं. "अकरा माणसांची फुफ्फुसं तुम्ही भज्यांच्या कढईवर विकलीत कोंडाजीभाऊ." तो म्हणाला, "बाई, राजकारण तुम्हाला कळायचं नाही." त्या म्हणाल्या, "कळलं ना. म्हणूनच मळमळतंय."

तरी काहीच झालं नाही असं म्हणता येणार नाही. लताबाई बोलल्याप्रमाणे डॉक्टरकडे गेल्या. ते भित्रे गृहस्थ, पण स्वतःच्या सहीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी जुने शेरे पुन्हा लिहून दिले. अकरापैकी सात जण सरकारी दवाखान्यात तपासून आले, आणि मार्चपर्यंत चौघांना धुळीतून काढून साच्यांचे लाकडी नमुने बनवायच्या खात्यात दिलं. मला पत्र मिळालं नाही. लताबाईंची बदली गेटवर झाली, बाहेर जाणाऱ्या मालाच्या पावत्या जुन्या टाइपरायटरवर टाइप करायला. देवकुळे साहेब वर्षभरात बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले. निरोपसमारंभात त्यांना चांदीचा गणपती दिला. मी आजारपणाची रजा टाकली.

मंगळू त्या चौघांत नव्हता. त्यानं उन्हाळ्याआधीच काम सोडलं. १९८८ च्या दिवाळीनंतर, बाजाराच्या दिवशी, आम्ही दोघी एसटीनं हरसूलला गेलो. त्याचं घर बाजारापासून बरंच वर. तो ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, आडवा झाला की श्वास लागायचा म्हणून. त्याची बायको भागीबाई नागली पाखडत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"कंपनीचीच का तुमी?" तिनं विचारलं.

"हो," लताबाई म्हणाल्या.

"मंग आता कशाला आल्या?"

मंगळू तिला म्हणाला, "अगं, हिनंच वाचून दावलं व्हतं." भागीबाईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "वाचलं तं खरं. लय उशिरा वाचलं."

लताबाईंनी मान खाली घातली. परतीच्या एसटीत त्या एकदाच बोलल्या. "बरोबर बोलली ती. ऑगस्टमध्ये मी सगळं वाचलं होतं. ताडून पाहिलं, सही घेतली. तेव्हाच का नाही गेले गेटवर?" तेव्हा त्यांच्याबरोबर ते शेरे मीही भरले होते.

मंगळू पुढच्या पावसाळ्यात गेला.

त्याच वर्षी नवे मॅनेजर आले, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी लताबाईंना गेटवरून बोलावून घेतलं. नवी मशीन्स येणार होती, त्यांच्याइतकं जाणणारं कुणी नव्हतं. पगारही वाढवून देत होते. शेवटी सहज म्हणाले, फायलींवर लक्ष ठेवणारा एक छोटासा प्रोग्राम बसवावा लागेल, सुरक्षिततेसाठी.

"बसवते," लताबाई म्हणाल्या. "पण मशीनवर कागद चिकटवायचा. इथे कोण काय उघडतं त्याची नोंद होते, साहेबांचीसुद्धा. मोठ्या अक्षरांत, मराठीत."

"अहो, मग त्याचा उपयोग काय?"

"तेच विचारतेय मी."

साहेब हसले, विचार करून सांगतो म्हणाले आणि महिन्याभरानं पुण्याहून एक मुलगा आणला. मी तेव्हा नोकरी सोडली, लग्न करून सिन्नरला गेले. निघायच्या दिवशी गेटवर लताबाईंना भेटले. समोर पावत्यांचा गठ्ठा, टाइपरायटरची रिबन उडालेली, मालट्रकचा ड्रायव्हर घाई करत उभा. त्यांनी त्याची पावती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहिली, एक आकडा खोडून नीट केला, आणि मगच सही करून त्याच्या हातात दिली.